काबुतोमुशी आणि काडीपेटीतला सोनकिडा

मृग नक्षत्र लागून पहिल्या पावसाने काळी जमीन भिजली की अकोला-अमरावतीकडे रात्रीच्या दिव्याभोवती जिवांची दाटी होते. सकाळी ओट्यावर, उंबरठ्यापाशी, दुकानाच्या फळीखाली तपकिरी भुंगेरे उलथे पडलेले दिसतात. जैन घरातील गृहिणी केर काढण्यापूर्वी मऊ पुंजणीने त्यांना अलगद कागदावर घेते आणि परसातल्या झाडाखाली नेऊन सोडते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याच्या नियमामागे काय विचार आहे, हे वऱ्हाडातल्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. जून महिन्यातील एका रात्री अंगणात दिवा लावला की ते त्याला दिसतेच.

याच दिवसांत गावाबाहेरच्या बाभळींवर सोनकिडे येतात. हिरव्या-सोनेरी झळाळीचा, कठीण पाठीचा हा किडा हातात घेतला की डोळे दिपतात. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीतील कित्येकांनी लहानपणी त्याला काडीपेटीत ठेवले आहे, बाभळीचा पाला खाऊ घातला आहे आणि मानेला दोरा बांधून भिरभिरतही ठेवले आहे. काळ्या मातीवरून चालणारा मखमली लाल मृगाचा किडाही असाच तळहातावर घेतला जाई. जैन घरात मात्र हा खेळ फार दिवस टिकत नसे. आजीच्या कानावर काडीपेटीतली खरखर गेली की पेटी उघडली जाई, सोनकिडा बाभळीवर परत जाई आणि नातवाला जीव कोंडण्याच्या पापाबद्दल चार शब्द ऐकावे लागत. मुलाला त्या वेळी वाटे की आपण तर त्याच्यावर प्रेमच करीत होतो.

हे प्रेम की बंधन, असा प्रश्न एका अख्ख्या देशाच्या बाबतीत विचारता येतो. तो देश जपान.

जपानमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते आणि तेथील मुलांच्या मनात त्या सुट्टीचे एक चिन्ह पक्के बसलेले असते. ते म्हणजे काबुतोमुशी. 'काबुतो' म्हणजे सामुराई योद्ध्याचे शिरस्त्राण आणि 'मुशी' म्हणजे किडा. नराच्या डोक्यावर पुढे झेपावलेले, टोकाशी दुभंगलेले लांब शिंग असते. पाठीच्या पुढल्या भागावर आणखी एक आखूड शिंग असते. जुन्या योद्ध्यांच्या शिरस्त्राणांवर अशीच शिंगे बसवीत, म्हणून हे नाव. मादीला शिंग नसते. आपल्याकडे कोकणातल्या नारळाच्या बागांत ज्याला गेंडा भुंगा म्हणतात, तो याच उपकुळातला. पण कोकणात त्याचे नाव काढले की बागाईतदाराच्या कपाळावर आठी पडते आणि जपानमध्ये मुले टाळ्या वाजवितात.

पहाटे बाबांचा हात धरून रानात जायचे, कुनुगी नावाच्या ओक वृक्षाच्या सालीतून पाझरणाऱ्या रसावर जमलेले भुंगे शोधायचे, सापडलेली जोडी प्लास्टिकच्या पारदर्शक पेटीत ओलसर पानमातीवर ठेवायची, हा तेथील मध्यमवर्गीय घरातील ठरलेला कार्यक्रम. शहरात रान उरलेले नाही, तेथे पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा मोठ्या वस्तुभांडारात तो काही शे येनांना मिळतो. त्याच्या खाण्यासाठी गोड जेलीच्या इवल्या वाट्याही विकत मिळतात. शाळेने सुट्टीत दिलेल्या 'स्वतंत्र अभ्यासा'साठी मुले त्याच्या वजनाची, खाण्याची, चालण्याची वही ठेवतात. या वह्यांतून कधी कधी खरे ज्ञानही बाहेर पडते. सैतामा प्रांतातील एका प्राथमिक शाळेतल्या मुलाने आपल्या अंगणातील एका परदेशी झाडावर येणारे काबुतोमुशी मोजण्यास सुरुवात केली. हा भुंगा रात्री हिंडतो, असे सर्व पुस्तकांत लिहिलेले; या झाडावर मात्र तो भर दिवसाही बसून राही. यामागुची विद्यापीठातील एका संशोधकाच्या साहाय्याने लिहिलेला त्याचा निबंध २०२१ साली अमेरिकेतील 'इकॉलॉजी' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या भुंग्याचे आयुष्य पाहिले तर आपल्याला दिसतो तो त्याचा अगदी शेवटचा, छोटासा भाग. उन्हाळ्याच्या अखेरीस मादी कुजलेल्या पानांच्या थरात अंडी घालते. अळी शरद, हिवाळा आणि वसंत असे तीन ऋतू जमिनीखाली काढते, कुजका पालापाचोळा खाते आणि त्याची माती करते. जूनच्या सुमारास ती मातीत एक कोष्ठ तयार करून त्यात कोषावस्थेत जाते. या अवस्थेत तिला हलता येत नाही आणि शेजारून दुसरी अळी माती पोखरीत आली तर कोष्ठ फुटून तिचा जीव जाऊ शकतो. तेव्हा आतला कोष पाठ आपटून मातीत कंप उत्पन्न करतो आणि तो कंप जाणवताच येणारी अळी जागच्या जागी थबकते. जपानी संशोधकांनी हे २०१२ साली सिद्ध केले. चिखलात दडलेला, डोळे-कान नसल्यासारखा भासणारा तो गोळा 'इकडे येऊ नका, येथे मी आहे' असे शेजाऱ्याला कळवितो आणि शेजारी ते ऐकतो. पावलोपावली जयणा पाळणाऱ्या समाजाला ही गोष्ट मुद्दाम कळावी अशी आहे.

कोषातून बाहेर आलेला भुंगा एक-दोन महिने जगतो. रसाच्या जागेसाठी आणि मादीसाठी नर झुंजतात; शिंग प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली घालून त्याला झाडावरून उलथून टाकतात. हरलेला बहुधा उडून दुसऱ्या झाडावर जातो. सप्टेंबर उजाडेपर्यंत बहुतेक सर्व संपलेले असतात.

जपानी माणसाचे किड्यांवरील प्रेम काबुतोमुशीपुरते नाही, आणि ते नवेही नाही. हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळात दरबारी लोक सुझुमुशी नावाच्या रातकिड्याचा घंटीसारखा आवाज ऐकण्यासाठी त्याला पिंजऱ्यात ठेवीत. त्याच काळाच्या परंपरेतील एका कथेत सरदाराची मुलगी सुरवंट गोळा करते. फुलपाखरांचे कौतुक सर्वांना, पण ते ज्यातून आले त्याकडे कोणी पाहत नाही, अशी तिची तक्रार असते. पुढे एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरात गाणारे किडे विकणारे फेरीवाले फिरत. याच एदोत तोकुगावा घराण्याचा पाचवा शोगुन त्सुनायोशी याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जीवदयेचे अनेक हुकूम काढले. कुत्र्यांपासून सुरू झालेली ही दया पक्षी, मासे आणि किड्यांपर्यंत पोहोचली. शिक्षा मात्र इतक्या कठोर होत्या की प्रजा त्रासून गेली आणि १७०९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते हुकूम बव्हंशी मागे घेण्यात आले. राजदंडाने करविलेली अहिंसा किती दिवस टिकते, याचे हे उदाहरण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत असायला हवे होते.

जपानी कलेतील किड्यांचे सर्वांत जुने आणि प्रसिद्ध स्मारक नारा प्रांतातील होऱ्यूजी मंदिरात आहे. सातव्या शतकातील हे लाकडी देवघर 'तामामुशी झुशी' या नावाने ओळखले जाते. तामामुशी हा आपल्या सोनकिड्याचाच भाऊबंद, त्याच कुळातला. देवघराच्या कडांवर जाळीदार धातूचे पट्टे आहेत आणि त्यांच्याखाली या किड्यांचे हजारो झगमगते पंख बसविलेले होते. त्यांपैकी आज फारच थोडे उरले आहेत. त्याच देवघराच्या एका फळीवर बुद्धाच्या पूर्वजन्मीची कथा चितारलेली आहे: भुकेल्या वाघिणीला व तिच्या पिल्लांना वाचविण्यासाठी एक राजपुत्र आपला देह तिच्यापुढे टाकतो. परमकरुणेचे चित्र, आणि त्याला चौकट हजारो किड्यांच्या पंखांची. कारागिरांना यात विसंगती वाटली नसावी. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात सोनकिड्यांचे पंख मलमलीवर टाकून भरतकाम होई आणि ते कापड विलायतेस जाई. रेशीम न वापरणाऱ्या श्रावकांनी त्या मलमलीबद्दल काय म्हटले असते, हे सांगायला नको.

पण जपानी मनाला ही बोचणी मुळीच लागली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टोकियोच्या उएनो भागात कानएजी नावाचे मोठे बौद्ध मंदिर आहे. त्याच्या आवारात एक ओबडधोबड शिळा उभी आहे. तिला 'मुशीझुका' म्हणजे किड्यांची समाधी म्हणतात. इसे प्रांतातील नागाशिमाचा सरदार मासुयामा सेस्साई हा उत्तम चित्रकार होता. त्याने किड्यांची अत्यंत सूक्ष्म, जणू शास्त्रीय म्हणावीत अशी चित्रे काढली. त्यांसाठी जे जीव गेले, त्यांच्या शांतीसाठी शिळा उभारावी, ही त्याची इच्छा होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १८२१ साली उभारली गेली. कामाकुरा येथील केंचोजी मंदिरातही अशी एक समाधी आहे. ती २०१५ ची. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि भुंग्यांचे आजन्म संग्राहक ताकेशी योरो यांच्या कल्पनेतून ती झाली आणि तिची रचना प्रसिद्ध वास्तुशिल्पी केंगो कुमा यांनी केली. जपानी उच्चारात सहा आणि चार या अंकांपासून 'मुशी' हा शब्द जुळतो, म्हणून दर वर्षी ४ जूनला तेथे किड्यांसाठी प्रार्थना होते. आपल्याकडे त्यानंतर तीन-चार दिवसांतच मृग लागतो.

प्रार्थनेकडून बाजाराकडे वळले की चित्र पालटते, आणि व्यापारी वाचकांना ते ओळखीचे वाटेल. १९९९ साली जपान सरकारने वनस्पती-संरक्षणाचे नियम सैल केले आणि शेतीला अपाय न करणाऱ्या परदेशी भुंग्यांच्या आयातीस परवानगी दिली. पाहता पाहता आग्नेय आशियातून अ‍ॅटलस, दक्षिण अमेरिकेतून वीतभर लांबीचा हर्क्युलिस आणि कितीतरी जातींचे सांबरशिंगी भुंगे लाखोंच्या संख्येने येऊ लागले. त्याच वर्षी टोकियोत सुमारे ८ सेंटिमीटर लांबीचा एक देशी सांबरशिंगी भुंगा १ कोटी येनांना विकला गेल्याची बातमी जगभर गेली. ज्या जिवाचे नैसर्गिक आयुष्य जास्तीत जास्त चार-पाच वर्षांचे, त्यात एवढी रक्कम गुंतविणाऱ्याचा हिशेब काय असेल, याची कल्पना कोणाही सराफाने करून पाहावी. अर्थात तारण टिकाऊ नसले की भाव टिकत नाहीत. पैदास सोपी झाली, घरोघरी अळ्या वाढू लागल्या आणि ते भाव खाली आले. मागे राहिले ते वेगळेच नुकसान. कंटाळून सोडून दिलेले परदेशी भुंगे देशी भुंग्यांशी संकर करू लागले. तिकडे बोलिव्हियाच्या डोंगरात सैतान भुंगा नावाची एक जात संग्राहकांच्या मागणीमुळे इतकी विरळ झाली की २०१० साली तिला आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असणाऱ्या यादीत घालावे लागले.

या व्यापाराची एक सौम्य बाजूही आहे. फुकुशिमा प्रांतातील तोकिवा या गावी पूर्वी तंबाखूची लागवड मोठी होती. रोपांसाठी शेतकरी पानमातीचे ढीग करीत आणि त्या ढिगांत काबुतोमुशीच्या अळ्या माजत. गावाने त्यांनाच आपली ओळख बनविले. जाळीखालचे छोटे रान राखले आणि शहरांतील मुलांना ते पाहण्यास बोलावले. तेथे मुले भुंगा झाडावरच पाहतात. काडीपेटी आणि बाभूळ यांच्या मध्ये कोठेतरी हे गाव बसते.

२००३ साली 'सेगा' कंपनीने 'मुशीकिंग' म्हणजे किड्यांचा राजा हा खेळ काढला. दुकानातील यंत्रात नाणे टाकले की भुंग्याचे एक पत्र मिळे आणि पडद्यावर आपला भुंगा दुसऱ्याच्या भुंग्याशी लढविता येई. दगड-कागद-कात्रीच्या साध्या नियमावर चालणाऱ्या या खेळाने लाखो मुलांना वेड लावले. उत्तर थायलंडमध्ये खऱ्या भुंग्यांच्या झुंजी लावून पैज मारतात; येथे तर जीवच नाही, मग दोष कोणता, असे आजचा नातू आजोबांना विचारील. भ्रमणध्वनीवर असेच खेळ आपल्याही घरांत रोज खेळले जातात.

या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडातच, कारंज्याच्या ग्रंथभांडारांतून प्रकाशात आलेल्या एका ग्रंथात सापडते. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंत याचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिले आणि १९३१ साली कारंजा येथील जैन ग्रंथमालेतून ते प्रसिद्ध झाले. त्यातील राजा यशोधर खरा कोंबडा मारण्यास नकार देतो. पण आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून तो देवीला बळी देतो. जीव एकही गेला नाही. तरीही संकल्प मारण्याचा होता, म्हणून मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावे लागले. ही कथा सांगितल्याने नातू भ्रमणध्वनी बाजूला ठेवील असे नाही. पण आजोबांना काहीतरी सांगता येईल, आणि ते 'डोळे बिघडतील' यापेक्षा बरे असेल.

भुंगा म्हणजे नेमका कोणत्या पायरीवरचा जीव, याविषयी जैन शास्त्र स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांची चढती श्रेणी सांगताना कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य हीच उदाहरणे घेतली आहेत. कृमीला स्पर्श आणि रस, मुंगीला त्यांसह गंध, भ्रमराला त्यांसह दृष्टी. भुंगा चतुरिंद्रिय आहे. म्हणजे आपल्यात आणि त्याच्यात अंतर एका श्रोत्रेंद्रियाचे आणि मनाचे. या विषयाचे विस्तृत विवेचन ज्या महाग्रंथात आहे, तो षट्खंडागम वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेसह प्रथम छापला गेला तो अमरावतीत. किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरून उतरलेल्या प्रतींच्या आधारे हे काम हाती घेतले आणि १९३९ साली पहिला भाग प्रसिद्ध केला. पुढे जवळजवळ दोन दशके चालून सोळा भाग पुरे झाले. ज्या शहरात कापसाच्या गाठींचा भाव रोज सकाळी विचारला जाई, त्याच शहरात एक अध्यापक जीवस्थाने आणि मार्गणा यांची पाने लावीत होता. अमरावतीच्या जैन बांधवांना याचा सार्थ अभिमान आहे, पण त्या ग्रंथाची पाने उघडणारे थोडे.

तत्त्वार्थसूत्राच्याच सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. वधाच्याही आधी बंध येतो. काडीपेटीतला सोनकिडा मेला नव्हता, त्याला पालाही मिळत होता. तरी आजीने पेटी का उघडली, याचे कारण या क्रमात आहे. जपानी मुलाची पारदर्शक पेटी या कसोटीवर उतरत नाही. परंतु त्या मुलाने सहा महिने अळीची माती ओली ठेवली आहे, कोष धक्क्याने दुखावू नये म्हणून पेटी हलविलेली नाही आणि भुंगा मेल्यावर त्याला बागेत पुरून वर खूण ठेवली आहे. आपल्या शहरांतील आजच्या जैन मुलाने जिवंत भुंगा किती वेळा नीट पाहिला आहे? तो दिसला की किंकाळी, आणि मग फवाऱ्याचा डबा. पेटी उघडायला लावणारी आजी घरात नाही. पण पेटीत किडा ठेवणारा नातूही आता नाही, हे तिच्या विजयाचे लक्षण मानता येईल का, याविषयी शंका वाटते.

जपानमधील कोबे शहरात ही गोष्ट अधिक टोकदार होते. तेथील कितानो भागात १९८५ साली बांधलेले संगमरवरी महावीरस्वामी मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेल्या गुजराती जैन कुटुंबांची तेथे वसाहत आहे. तेथल्या बालवाड्यांत आणि शाळांत वर्गात भुंगे पाळले जातात. घरी बंधाचा अतिचार आणि वर्गात मायेने जेली भरविण्याची पाळी, अशा दोन्ही गोष्टी जेथे एकाच मुलाच्या वाट्याला येतात, तेथील मातापित्यांना आजीचे काम एका वाक्यात उरकता येत नसणार.

वऱ्हाडातील व्यापाऱ्याला मात्र भुंगा भेटतो तो वेगळ्याच ठिकाणी. अकोला हे डाळ गिरण्यांचे मोठे केंद्र. तुरी-हरभऱ्याच्या पोत्यात जो बारीक भुंगेरा होतो, तोही काबुतोमुशीच्याच, म्हणजे कठीण पंखांच्या कीटकांच्या गणातला. मादी दाण्यावर अंडे चिकटविते, अळी दाणा पोखरून आत वाढते आणि सुमारे महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. याचाच एक भाऊ जपानमध्ये अझुकी नावाच्या लाल चवळीसारख्या कडधान्यावर पडतो आणि क्योतो विद्यापीठात शुनरो उतिदा यांनी गेल्या शतकाच्या मध्यास त्याच्यावर केलेले प्रयोग लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासात मान्यता पावले आहेत. क्योतोत प्रयोगशाळेच्या काचपात्रात मोजलेला जीव अकोल्यात गोदामात मरतो. धुरीच्या गोळ्या पोत्यांच्या थप्पीत ठेवायच्या, ताडपत्रीने सर्व झाकायचे, काही दिवसांनी उघडायचे. पोत्यामागे किती चतुरिंद्रिय जीव गेले, याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही. पर्युषणात प्रवचन ऐकणारा आणि दुसऱ्या दिवशी गोदामावर धुरीचा दिवस ठरविणारा गृहस्थ एकच असतो. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण बँकेच्या कर्जावर उचललेला माल किडू देणे हाही पर्याय नाही.

तरीही या दोहोंच्या मध्ये बरीच जागा आहे. या भुंगेऱ्याची सुरुवात बहुधा शेतातल्या शेंगेवरच होते. म्हणून माल उशिरा उचलला आणि ओलसर भरला की प्रादुर्भाव वाढतो. उन्हात खडखडीत वाळविलेल्या, कमी ओलाव्याच्या मालात तो कमी वाढतो. अख्ख्या तुरीपेक्षा भरडलेल्या डाळीला त्याचा उपद्रव पुष्कळ कमी, म्हणजे भरड लवकर करणे हा व्यापाराचाच नव्हे तर जीवरक्षेचाही भाग आहे. शीतगृहात त्याची वाढ थांबते. घरोघरी तुरीच्या डाळीला एरंडेल चोळण्याची जुनी रीत आहे, तिच्यामुळे मादीला अंडी चिकटविणे कठीण होते. झालेले जीव मारण्यापेक्षा ते होऊच न देणे, हे जयणेचे तत्त्व आपल्या आज्या-पणज्यांनी एरंडेलाच्या वाटीत साठवून ठेवले होते.

शेतीच्या औषधांचा प्रश्न याहून अवघड. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात टाकण्याचा सल्ला शेतकऱ्याला दिला जातो. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की फवारणी आलीच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. विष चतुरिंद्रियांपाशी थांबले नाही. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या प्रकरणात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत विषवाणिज्य आहे. वऱ्हाडातील काही जैन कुटुंबे कृषी सेवा केंद्रे चालवितात. त्यांतील कोणी बियाणे, खते, कामगंध सापळे आणि परोपजीवी कीटकांची कार्डे यांवर भर देऊन विषाची विक्री कमी करीत असेल, तर त्याच्या नफ्यात घट येणार हे उघड आहे आणि समाजाने त्याची दखल घेतली पाहिजे. कपड्याच्या वा सराफीच्या दुकानात बसून त्याला उपदेश करणे योग्य नव्हे.

गुजरातमधील काही जुन्या पांजरापोळांत 'जीवातखाना' नावाची एक खोली असे. धान्य निवडताना निघालेला किडका भाग, पिठातले जाळे, घरोघरचा धान्याचा केर त्या खोलीत आणून टाकीत. किड्यांना खाण्यासाठी थोडे धान्यही ठेवीत, आणि खोली भरली की ती बंद करीत. परदेशी प्रवाशांनी आणि अभ्यासकांनी त्याबद्दल आश्चर्याने लिहिले आहे; काहींनी थट्टाही केली. उएनोची शिळा मेलेल्या किड्यांसाठी आहे, तर ही खोली जिवंत किड्यांसाठी होती. भल्यामोठ्या गोरक्षण संस्था असलेल्या वऱ्हाडात अशी खोली बांधावी असे कोणी सुचविणार नाही. पण निवडलेल्या डाळीचे किडके दाणे गटारात टाकायचे की परसात सावलीला, एवढा निर्णय आजही प्रत्येक स्वयंपाकघरात रोज होत असतो.

ऑगस्ट संपत आला की जपानमधील पेट्या एकेक करून शांत होतात. मुले शाळेत परततात, वह्या गुरुजींकडे जातात. बऱ्याच घरांत पेटी रिकामी करीत नाहीत, कारण मातीत मोहरीपेक्षा थोडी मोठी पांढरी अंडी सापडतात. मग माती पुन्हा ओलावून पेटी सावलीत ठेवली जाते आणि पुढील जूनपर्यंत कोणी ती जोराने हलवीत नाही. साधारण त्याच आठवड्यांत अकोल्यात आणि अमरावतीत पर्युषण येते. संध्याकाळी स्थानकांत आणि मंदिरांत प्रतिक्रमणास बसलेली माणसे जाता-येता पायाखाली आलेल्या, दुखावलेल्या, एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकललेल्या एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागत असतात. बाहेर पावसाची झड असते. दाराशी दिवा मंद केलेला असतो आणि त्याच्याभोवती दोन-चार भुंगेरे फिरत असतात.